डावा डोळा लवतो तेव्हा

बाईचा डावा डोळा लवला तर शुभ, पुरुषाचा उजवा. हे माझ्या सासूबाईंकडून मिळालेलं ज्ञान. गाडीच्या बाबतीत काय धरायचं, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. "आरसी तुझ्या नावावर आहे ना? मग शुभच," असा निकाल देऊन त्या पुन्हा वाल सोलायला लागल्या.

माझ्या गाडीचा डावा हेडलाइट जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून लवत होता. लवत म्हणजे असं, की संध्याकाळी गाडी काढावी, दिवे लावावेत, समोरच्या भिंतीवर निळसर पांढऱ्या उजेडाचे दोन तुकडे पडावेत आणि थोड्याच वेळात डावा तुकडा दोनदा थरथरून नाहीसा व्हावा. स्विच बंद करून पुन्हा लावला की बहुतेक वेळा परत यायचा. मग चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी अमर महालच्या सिग्नलला पुढच्या टेम्पोच्या पत्र्यावर एकच उजेड दिसायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे आणिक-पांजरापोळच्या बोगद्यात एका डोळ्याची गाडी उठून दिसते. पण खंडाळ्याच्या जुन्या घाटात, पावसात, समोरून येणाऱ्याला एकच दिवा दिसला तर तो मोटारसायकल समजून तेवढीच जागा सोडतो. पुण्याला आईकडे जाणं मी दोनदा पुढे ढकललं ते याच कारणाने.

गाडी 2010 ची, युरोपीय बनावटीची सेडान. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण शेवटी जे निघालं त्यात कंपनीचा दोष नव्हता, आणि असता तरी पंधरा वर्षांनी तो उगाळणं बरं नव्हे. खाजगी गाडीची नोंदणी आपल्याकडे 15 वर्षांची असते. त्यानंतर चेंबूरकरांनी एमएच-03 ची पाटी घेऊन वडाळ्याच्या आरटीओत जायचं, गाडी दाखवायची आणि पुढच्या 5 वर्षांची परवानगी आणायची. माझी मुदत पावसाळा संपता संपता भरत होती. आणि गाडी दाखवायची म्हणजे दिवेही दाखवायचे.

बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं असतं. ती बंद असते, निमूट पडून राहते, तुम्ही तिला उघडून बघू शकता. कधी चालणारी, कधी न चालणारी वस्तू म्हणजे दवाखान्याची पायरी चढताच दुखायचा थांबणारा दात. मी तीन वेळा गॅरेजमध्ये गेले. तिन्ही वेळा दोन्ही दिवे असे झगझगीत पेटले, की तिथला मुलगा माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसला. "गाडी साहेब चालवतात का?" असंही एकाने विचारलं. मी चालवते म्हटल्यावर त्याने बोनेट पुन्हा एकदा उघडून बंद केलं.

आधी हा दिवा आहे तरी काय, ते सांगायला हवं. साध्या हॅलोजन बल्बात तार असते. तार तापते, उजेड पडतो. तार तुटते, उजेड जातो. मधली अवस्था क्वचितच. झेनॉनच्या दिव्यात तारच नसते. वाटाण्याएवढी क्वार्ट्झची कुपी, तिच्यात समोरासमोर दोन टोकं आणि मध्ये सुमारे 4 मिलिमीटरची फट. त्या फटीतून वीज उडी मारते आणि त्या उडीचा उजेड पडतो. एवढ्या उडीला गाडीचे 12 व्होल्ट कुठेच पुरत नाहीत, म्हणून पेटवताना 20 हजार व्होल्टच्या पुढचा एक तडाखा द्यावा लागतो. एकदा ज्योत जुळली की मग 85 व्होल्टच्या आसपास भागतं. पुढे आलेल्या, पारा नसलेल्या जातींत 42 व्होल्ट. हा सगळा कारभार पाहणारा डबा हेडलाइटच्या पोटाखाली बसवलेला असतो, त्याचं नाव बॅलास्ट. ट्यूबलाइटचा चोक आणि स्टार्टर ज्यांनी स्टुलावर चढून बदललेत त्यांना याहून जास्त समजावायला नको. नात्याने हा त्यांचाच मुंबईत शिकलेला, इंग्रजी बोलणारा पुतण्या आहे.

आत झेनॉन वायू असतो तो लगेच उजेड मिळावा म्हणून. खरा उजेड देतात ते पारा आणि धातूंचे क्षार. पण त्यांची वाफ व्हायला काही सेकंद लागतात आणि गाडीचा दिवा रस्त्यावरच्या दिव्यासारखा पाच मिनिटं विचार करत बसला तर चालत नाही. तेवढा वेळ झेनॉन भरून काढतो. विल्यम रॅमझी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये लंडनला हा वायू शोधला आणि ग्रीक भाषेत 'परका' या अर्थाचा शब्द घेऊन त्याचं बारसं केलं. परकाच तो, हवेच्या सुमारे 1 कोटी 15 लाख भागांत त्याचा 1 भाग सापडतो. हेच रॅमझी दोन वर्षांनी, 1900 साली, आपल्या जमशेटजी टाटांच्या विनंतीवरून हिंदुस्थानात येऊन गेले आणि टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी बंगळूर ही जागा त्यांनी सुचवली. माझ्या खिडकीतून ट्रॉम्बेच्या टाटा पॉवरची चिमणी दिसते. योगायोगाला काही अर्थ नसतो, पण गॅरेजच्या बाकावर वाट बघत बसल्यावर माणसाला असलं काहीही सुचतं.

मोटारीत हा दिवा प्रथम आला 1991 मध्ये, बीएमडब्ल्यूच्या 7 सीरिजमध्ये, तोही फक्त डिपरसाठी. 35 वॅटमध्ये सुमारे 3200 लुमेन उजेड. 55 वॅटचा हॅलोजन याच्या निम्म्याच्या आसपास देतो. आपल्याकडे पहिली काही वर्षं तो श्रीमंतांच्याच गाड्यांना असायचा. मग 2007 मध्ये लेक्ससच्या एका मॉडेलला एलईडीचा डिपर आला आणि झेनॉनचे दिवस भरत आले. सगळं मिळून पंचवीसेक वर्षांची कारकीर्द. आता ज्यांच्याकडे झेनॉन आहे त्यांच्याकडे तो जुन्या गाडीतच आहे, आणि जुन्या गाडीत म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, ज्याला तो दिवा हवा असतो पण त्याचा खर्च नको असतो. मीही त्यातलीच, माझी गाडी मी सेकंडहॅन्ड घेतली.

पहिल्या गॅरेजने स्कॅनर लावला. पडद्यावर आलं: लो बीम, डावा, सर्किटमध्ये दोष. हे मलाही माहीत होतं. स्कॅनरबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. कुठे दुखतंय ते तो सांगतो. का दुखतंय ते शोधणं माणसाचं काम. इथे माणसाने शोधलं नाही, बल्ब बदलला. त्यात वाईट काही नव्हतं. झेनॉनचा बल्ब फुटत नाही, म्हातारा होतो. दोन-तीन हजार तास जळून झाले की त्याचा रंग गुलाबी-जांभळटाकडे झुकतो, ज्योत टिकवायला जास्त व्होल्टेज लागायला लागतं, आणि एक दिवस ते बॅलास्टच्या ऐपतीबाहेर जातं. बॅलास्ट हात टेकतो, दिवा विझतो. बंद करून लावला की पुन्हा पेटतो, थोडा वेळ राहतो, पुन्हा जातो.

हे दृश्य तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त गाडीत नव्हे. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा प्रत्येक गल्लीत एखादा दिवा असायचा, जो आपोआप विझायचा, पाच मिनिटांनी लालसर होऊन उगवायचा, पुरता पिवळा व्हायचा आणि पुन्हा विझायचा. आम्ही लहानपणी त्याला वेडा दिवा म्हणायचो. तो वेडा नव्हता, म्हातारा होता. तापला की त्याला लागणारं व्होल्टेज खांबावरच्या चोकला झेपेनासं व्हायचं. विझून गार झाला की पुन्हा जमायचं. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हवर पिवळ्याऐवजी पांढरे एलईडी लागले तेव्हा केवढा गहजब झाला होता! राणीच्या हाराचे मोती निसटले म्हणून सगळे हळहळले. वेड्या दिव्यांसाठी कोणी हळहळलं नाही.

तर नवा बल्ब लागला. नऊ दिवस दिवा शहाण्यासारखा वागला. दहाव्या दिवशी गेटवरच गेला. गॅरेजवाल्याने आता पूर्ण हेडलाइटच बदलायला सांगितलं. "जोडीने बदला, नाहीतर एक नवा एक जुना दिसेल." जोडीचा आकडा लाखाच्या पुढे होता. माझ्या गाडीला आज बाजारात जे मिळेल त्यातला तो निम्मा हिस्सा. मी विचार करते म्हणाले आणि घरी येऊन खरंच विचार केला.

चेंबूरहून कुर्ल्याचा सीएसटी रोड जवळ आहे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग हवे असणारा मुंबईकर कधी ना कधी तिथे पोचतोच. दुकानांबाहेर दरवाजे उभे केलेले, बंपर एकावर एक रचलेले, आत छतापर्यंत हेडलाइट, जणू कापलेल्या माशांची डोकी. अपघातात गेलेल्या, पुरात बुडालेल्या, विमा कंपनीने सोडून दिलेल्या गाड्या इथे अवयवदान करतात. मी जुना बॅलास्ट घ्यायला गेले होते. दुकानदाराने आधी बल्बची जात विचारली. डी1एस, डी2एस, डी3एस, डी4एस. डी1 आणि डी3 मध्ये तडाखा देणारा इग्नायटर बल्बच्या बुडालाच चिकटलेला असतो, डी2 आणि डी4 मध्ये वेगळा. डी1-डी2 मध्ये पारा असतो, डी3-डी4 मध्ये नाही, आणि दोन्हींचं व्होल्टेज वेगळं असल्यामुळे एकाचा बॅलास्ट दुसऱ्याला चालत नाही. हे सगळं त्याने पान चघळत, बोटांवर मोजत सांगितलं. जर्मन अक्षरं छापलेली खोकी त्याच्याकडे दोन प्रकारची होती. "ये असली, ये असली जैसा." दुसऱ्या प्रकारात 8000 केल्व्हिनचे निळे बल्बही होते. कंपनीचा मूळ बल्ब 4200-4300 च्या घरात असतो. निळा दिसायला भारी, पण पावसातल्या ओल्या डांबरावर त्याचा उपयोग शून्य.

शेजारीच पोरं हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये बसवायच्या झेनॉन किटचा भाव करत होती. या किटांनी झेनॉनचं नाव खराब केलं. युरोपातल्या नियमांप्रमाणे 2000 लुमेनच्या वरचा दिवा असेल तर गाडीच्या वजनाप्रमाणे आपोआप वरखाली होणारी यंत्रणा लागते आणि काच धुणारे फवारेही. तारेच्या बल्बासाठी घडवलेल्या वाटीत ज्योतीचा बल्ब खुपसला की उजेड दाही दिशांना उधळतो. आपल्याही केंद्रीय मोटार वाहन नियमांत 106 क्रमांकाचा नियम आहे. दिव्यापासून 8 मीटरवर, गाडीच्या उजव्या बाजूला अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला उजेड खुपता कामा नये, असं तो सांगतो. एवढ्या बारकाईने लिहिलेला नियम सायन-ट्रॉम्बे रोडवर रात्री दहा वाजता आठवला की हसू येतं आणि त्याच वेळी डोळे दिपतात.

बॅलास्ट त्या दुकानदाराने मला विकला नाही. याचं मला अजून आश्चर्य वाटतं. "वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत," असं आधीच सांगून तो म्हणाला, "मॅडम, पहले इधर का उधर करके देखा क्या?" बघितलं नव्हतं. लाखाचा आकडा सांगणाऱ्या गॅरेजनेही नव्हतं. उजव्याचा बल्ब डाव्याला, डाव्याचा उजव्याला. आजार बल्बाबरोबर उजवीकडे गेला तर बल्ब दोषी. नाही गेला तर बॅलास्टची अदलाबदल करायची. तोही निर्दोष निघाला तर दोन्हींच्या मागे जे काही आहे तिथे हात घालायचा. एक रुपयाचं सामान न आणता निम्मी चौकशी पुरी होते. फक्त वेळ लागतो, आणि गॅरेजमध्ये वेळेचं बिल करता येत नाही, सामानाचं करता येतं.

पांजरापोळच्या अलीकडे एका गल्लीत एक वायरमन बसतात. त्यांना सगळे काका म्हणतात. गुहागरकडचे, सत्तरीच्या आसपासचे, पद्मिनी टॅक्सीच्या वायरिंगवर हात बसलेले. पद्मिनी इथलीच, कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून ती बाहेर पडायची, आणि काकांच्या तरुणपणी चेंबूर स्टेशनबाहेर दुसरी गाडी शोधून सापडायची नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मर्यादा संपल्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. त्या दिवशी काकांनी दुकान बंद ठेवलं होतं का, असं मी विचारलं. "कशाला? चार इंडिका उभ्या होत्या," म्हणाले.

काका बॅलास्टला चोक म्हणतात आणि झेनॉनला "तो निळा". पण गाडीला हात लावण्याआधी त्यांनी बॅटरीची मायनस केबल काढून बाजूला ठेवली. "याचा झटका बसला तर भिंतीला चिकटाल," एवढंच बोलले. बल्बच्या काचेला बोट लागू दिलं नाही; बोटाचं तेल लागलं की काच तिथे जास्त तापते. इकडचं तिकडे केलं आणि मला घरी पाठवलं. आठ दिवसांनी दिवा गेला, डावाच. मग बल्ब परत जागच्या जागी आणि चोक इकडचे तिकडे. पुन्हा आठवडा. पुन्हा डावाच. बॅलास्टच्या खालच्या बाजूला पाणी शिरून पांढरी बुरशी धरते, ती त्यांनी शोधली. रबरी सील शाबूत होतं, आत कोरडं. "चोक चांगला, बल्ब चांगला. आता वायर. पण माझ्यासमोर जात नाही ना!" ते खरंच वैतागले होते. गाडी त्यांच्या दारात अर्धा दिवस उभी होती, दिवा चालू, एसी चालू, वायपर चालू. दिवा हलला नाही. बोनेट आपटलं, वायरिंग हलवलं, वरून पाण्याची बाटली ओतली. ढिम्म.

उत्तर मिळालं ते आमच्या वॉचमनकडून.

माझी गाडी स्टिल्टमध्ये पहिल्याच जागेवर असते. सुरू केली, दिवे लावले, की दहा सेकंदांत गेट. गेट बंद असतं, वॉचमन केबिनमध्ये असतो, मी हॉर्न देते, तो येऊन उघडतो. रोजचं. त्या रात्री दिवा गेला, मी कपाळावर हात मारला, तर तो काचेशी येऊन म्हणाला, "मॅडम, आप हॉर्न मारते हो ना, तभी जाता है. रोज नहीं, पर जब भी जाता है, हॉर्न के साथ." तो गाडीच्या समोर उभा असतो. मी आत असते आणि माझं लक्ष गेटकडे. गाडीचं तोंड आमच्या दोघांत फक्त त्यालाच दिसत होतं, तीन महिने, आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. अमर महालच्या सिग्नलला मी काय करत होते, हे मला तेव्हा आठवलं. हिरवा पडला आणि पुढचा हलला नाही, की मुंबईत आपण जे करतो तेच.

आणि कुठल्याही गॅरेजमध्ये उभ्या गाडीचा हॉर्न कोणी वाजवत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना हे सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, चहाचा ग्लास खाली ठेवला आणि थेट डाव्या चाकाशी बसले. "अर्थिंग," एवढा एकच शब्द. गाडीत प्रत्येक दिव्याला प्लस वायर स्वतंत्र येते, पण मायनस वायरी मात्र जवळच्या पत्र्याला जोडून मोकळ्या होतात. चार-पाच वायरी एका बोल्टखाली. या गाडीत डाव्या हेडलाइटची आणि हॉर्नची मायनस एकाच बोल्टवर होती. चाळीत एकाच नळावर दोन बिऱ्हाडं असावीत तसं. नळाला दाब असेल तोवर कोणाचं काही बिघडत नाही.

त्यांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं बॅलास्टच्या मायनस पिनेला, आणि मला दिवा लावायला सांगितलं. या दोन जागांत फरक जवळजवळ शून्य यायला हवा. दिवा पेटताना आकडा 3 व्होल्टच्या वर उडाला आणि स्थिरावला 0.8 वर. "आता हॉर्न." आकडा पुन्हा उडाला. दिवा मिचकला, पण गेला नाही. "बंद करा. थंड होऊ द्या. आता लावा, आणि लगेच हॉर्न." गेला. काकांनी मागे वळून गल्लीतल्या सगळ्यांकडे पाहिलं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

यात एक गंमत आहे, जी तारेच्या बल्बात नसते. हॅलोजनला व्होल्ट कमी मिळाले तर तो बिचारा मंद होतो, कमी वीज खातो, भागवून घेतो. बॅलास्टचा स्वभाव उलटा आहे. त्याला ठरलेली शक्ती पुरवायची असते, काही झालं तरी. व्होल्ट कमी झाले की तो जास्त करंट ओढतो. जास्त करंट ओढला की गंजलेल्या जोडावर आणखी व्होल्ट पडतात, मग तो आणखी ओढतो, आणि एका मर्यादेखाली गेला की सरळ बंद. म्हणजे दिवा मंद होऊन तुम्हाला आधी इशारा देतच नाही. त्यातून पेटल्यावरची पहिली काही सेकंदं सगळ्यात नाजूक. तेव्हा क्षारांची वाफ करायची असते आणि बॅलास्ट नेहमीच्या कित्येक पट करंट मागतो. नेमकं तेव्हाच मी गेटवर हॉर्न देत होते. इंजिन आयडलला, एसी चालू, पाऊस असला तर वायपर आणि मागच्या काचेचा हीटर. दिवा जात होता यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की तो बहुतेक वेळा जात नव्हता.

"आधीच मीटर का नाही लावला?" मी विचारलं. लावला होता, काका म्हणाले, पण दिवा बंद ठेवून, वायर तुटली आहे का ते बघायला. वीस तारांच्या वायरीत एक तार शिल्लक असली तरी मीटर 'ठीक' म्हणतो, कारण त्याला काम करायचं नसतं, नुसतं विचारायचं असतं. म्हणून जुने वायरमन 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरी जोडून खिशात बाळगतात. तो लावला की जोडाला खरंच करंट द्यावा लागतो, आणि जोड खोटा असेल तर बल्ब मंद पेटून चुगली करतो. काकांनी तोही लावून दाखवला. उजव्या बाजूला लख्ख, डावीकडे आजारी पिवळा. "हा कधीच खोटं बोलत नाही. या वेळी मीच काढला नाही खिशातून," म्हणाले. स्वतःची चूक इतक्या सहज सांगणारा तज्ज्ञ मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

बोल्ट चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या कवचामागे होता. 10 नंबरच्या पान्याने काढायला अर्धा तास गेला. खाली तांब्याची चकती हिरवी-पांढरी, तिच्या बुडाशी पत्रा तपकिरी. चेंबूरच्या एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला माहुलची. चार महिने पाऊस, बाकी आठ महिने खारा दमट वारा. माहुलच्या रिफायनऱ्यांनी त्यात काय भर घातली असेल त्यावर गल्लीत लगेच परिसंवाद सुरू झाला, आणि चेंबूरमध्ये तो कोणत्याही विषयावर सुरू होऊ शकतो. काका त्यात पडले नाहीत. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, चकती घासली, नवा दातेरी वायसर टाकून बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली. दिवा लावला. मीटर 0.05 वर. हॉर्न दिला. दिला म्हणजे मी हात काढलाच नाही, समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी ओरडेपर्यंत.

सहाशे रुपये झाले. त्यातले शंभर, काकांच्या म्हणण्याप्रमाणे, वॉचमनचे. मी त्याला ते दिले तेव्हा तो बराच वेळ नोटेकडे आणि मग गाडीच्या तोंडाकडे बघत राहिला.

निघताना काकांनी उजव्या बाजूचा तसाच बोल्टही न सांगता काढून पाहिला. नुकताच हिरवा पडायला लागला होता. तो घासून झाल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. "पहिल्या गॅरेजवाल्याने काढलेला तो बल्ब टाकलात का?" टाकला नव्हता. त्यात पारा असतो म्हणून कचऱ्यात टाकायला धजावले नव्हते, आणि कुठे द्यायचा ते कळत नव्हतं, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला होता. काकांनी तो उलगडला, उजेडात धरून आतली टोकं पाहिली, आणि डावीकडचा नवा बल्ब काढून हा मेलेला बल्ब तिथे बसवला.

पेटला. किंचित गुलाबी होता, पण उजवाही गुलाबीच होता. पंधरा वर्षं दोघं बरोबरच जळले होते. भिंतीवर दोन तुकडे अगदी एका रंगाचे पडले.

नवा बल्ब आता त्याच वर्तमानपत्रात, त्याच कप्प्यात आहे.